उचल कधी घेतली ते विचारा

(शहादे इथं युवक शिबिरात समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडंफार नीट करून.)



तुमच्या एम.ए.च्या समाजशास्त्रात स्थलांतर नावाचं एक प्रकरण असतं आणि विविधता नावाचं दुसरं. दोन्ही मी वाचली. मी मॅट्रिक आहे, मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो, म्हणून वेळ लागला. पण वाचली. तुमच्यातल्याच एका पोरानं नोट्स झेरॉक्स करून धाडल्या होत्या. त्या नोट्सवरच बोलायचंय. कविता म्हणणार नाही, ती जेवणानंतर.

१८८५ साली रॅव्हनस्टाईन नावाच्या माणसानं इंग्लंडच्या जनगणनेचे आकडे घेतले आणि स्थलांतराचे नियम मांडले. माणसं बहुतेक करून जवळच जातात, लांब जाणारी मोठ्या शहरांकडे जातात, वगैरे. मग १९६६ साली एव्हरेट ली आला. तो म्हणाला, माणूस जिथून निघतो तिथं काही गोष्टी त्याला ढकलतात, जिथं जातो तिथल्या काही गोष्टी ओढतात, मधे अडथळे असतात, आणि माणूस या सगळ्याचा हिशेब करून निघतो. परीक्षेत हे लिहिलं की मार्क पडतात. लिहा. मार्क मिळवा. मार्क सोडायची चैन आपल्या लोकांना परवडत नाही.

पण मग नोट्स बाजूला ठेवा आणि धडगावच्या वरच्या पाड्यावर जा. पावसाळ्यात जा, भादव्यात. मागच्या वर्षीचं धान्य संपलेलं, नवं अजून रानात उभं. घरात कुणी आजारी, कुणाचं लगीन ठरलेलं, कुणाचं मागचंच देणं राहिलेलं. त्या दिवसांत मुकादम येतो. कारखान्याचा पैसा त्याच्या खिशात असतो. तो उचल देतो. वहीत नाव चढतं, शेजारी अंगठा नाहीतर सही. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाचं नाव कोयता! हत्यार मोजायचं आणि माणसं सोडून द्यायची. दिवाळीच्या आगेमागे ट्रक येतो आणि कोयते भरून गुजरातेत जातो. बारडोली, मढी, सुरतेच्या आजूबाजूचे सगळे साखरेचे फड.

आता मला सांगा, हा माणूस निघाला कधी? ट्रकमध्ये चढला तेव्हा? तो भादव्यातच निघाला होता. पाय घरात होते, अंग विकून झालं होतं. ली साहेबाच्या चित्रात एका बाजूला ढकलणारं आणि दुसऱ्या बाजूला ओढणारं, मधे रस्ता. आपल्याकडे ढकलणारा आणि ओढणारा हात एकच, आणि त्या हातात वही. हिशेब होतो, नाही असं नाही. पण तो हिशेब जाणारा करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकी सगळं त्याच्याच भोवती बोलणार आहे. नंदुरबारच्या माणसाचं स्थलांतर शिकायचं तर तो कुठं गेला हे नंतर विचारा. उचल कधी घेतली, कुणाकडून घेतली, कशासाठी घेतली, ते आधी विचारा.

बारडोली आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे. १९२८ चा सत्याग्रह, वल्लभभाई पटेल, सारावाढीविरुद्धचा लढा. लढा खरा होता. पण सारा कोण भरतो? ज्याला जमीन आहे तो. त्या पाटीदारांच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे दुबळा लोक, ज्यांना आता हळपती म्हणतात, ते हाळी म्हणून बांधलेले होते. कर्जापोटी गडी. सत्याग्रह जिंकला तरी त्यांचं बांधलेपण सुटलं नाही. पुढे १९५० च्या दशकात तिथं सहकारी साखर कारखाना आला, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. मग ऊस तोडायला कोण?

इथं यान ब्रेमान या डच समाजशास्त्रज्ञाचं नाव घ्यायला हवं. हा माणूस १९६० च्या दशकाच्या सुरवातीपासून दक्षिण गुजरातेत पायी फिरला. १९७८ मध्ये त्यानं बारडोलीच्या कारखान्यांवर लेख लिहिला. त्यातला प्रश्न साधा आहे. गावात हळपती मजूर बिनकामाचे बसलेत, आणि कारखाना लांबून खानदेशातून माणसं आणतो. का? तेव्हा आपला भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. पुस्तकी उत्तर असं की मजूर कमी पडले, म्हणून बाहेरून आणले. ब्रेमाननं दाखवलं की मजूर कमी नव्हते. गावचा मजूर रात्री घरी जातो, त्याला भाऊबंद असतात, तो उद्या येत नाही म्हणू शकतो. परका मजूर फडातच राहतो, रात्री दोनला ट्रक आला तरी उठतो, हंगाम संपला की त्याला परत धाडता येतं, म्हातारपण आणि आजारपण त्याच्या गावाच्या गळ्यात. आणि हाच हळपती मग काय करतो? तो आपलं गाव सोडून दुसरीकडे वीटभट्टीवर, मिठागरावर परका म्हणून जातो. इकडचा गरीब तिकडे परका, तिकडचा गरीब आणखी पलीकडे परका. मालक तेवढा सगळीकडे घरचा.

तुमच्या नोट्समध्ये हे एका ओळीत आहे: 'हंगामी स्थलांतर, उदा. ऊसतोड कामगार.' उदा.! आपला अख्खा जिल्हा उदा.मध्ये बसवला. त्यातही ऊसतोड म्हटलं की महाराष्ट्राला बीड आठवतं. बीडच्या भावाबहिणींचं दुःख मोठंच आहे, पण त्यांचा आमदार असतो, त्यांच्या नावानं महामंडळ असतं. आपला कोयता सरहद्द ओलांडतो. महाराष्ट्राचं सरकार म्हणतं, काम गुजरातेत आहे. गुजरातचं सरकार म्हणतं, माणूस महाराष्ट्राचा आहे.

आता मोजणीचं बघू, कारण समाजशास्त्राला आकडे लागतात. २०११ ची जनगणना, माणसांची मोजणी, ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारीत ऊसतोड ऐन भरात असते. नियम असा, की त्या सगळ्या काळात जो घरी नाही त्याला घरच्या गावात धरायचं नाही, तो जिथं सापडेल तिथं धरायचं. म्हणजे आपला माणूस गुजरातेतल्या फडात, प्लास्टिकच्या पालात मोजायला पाहिजे. त्या पालाला घरनंबर कुठला? आज इथं आहे, आठ दिवसांनी पुढच्या फडात. आणि मोजला असं धरू. मग गाव का सोडलं त्याचं कारण विचारतात. कारणांची यादी ठरलेली: काम, धंदा, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर हलले, असं. नवऱ्यापुढे 'काम' लिहितील. बायकोपुढे? 'कुटुंबाबरोबर हलली.' अरे, ती अर्धा कोयता आहे! ऊस सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते, पोराला पाजते, भाकर भाजते. तिच्यावाचून मुकादम नवऱ्याला उचलच देत नाही. आणि कागदावर ती नवऱ्याच्या मागं मागं आली.

नमुना पाहणीचंही तेच. २००७-०८ ची राष्ट्रीय नमुना पाहणी थोड्या मुदतीचा स्थलांतरित कुणाला म्हणते? कामासाठी महिन्याच्या वर आणि सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला. हंगाम लांबला, मे उजाडला, सात महिने झाले, की आपला माणूस या चौकटीतूनही बाहेर पडला. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केली: १ मार्च २०२७. या वेळी जात मोजणार म्हणतात. चांगलं आहे, मोजलीच पाहिजे. पण तारीख पुन्हा तोडीच्या हंगामातलीच.

दुसरं प्रकरण, विविधता. या शब्दाला सध्या फार भाव आहे. युरोपात स्थलांतर आणि विविधता मिळून एम.ए.ची आख्खी पदवी मिळते. तिकडे हा विषय का वाढला तेही समजून घ्या. महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीला कामगार हवे होते. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाला. त्या कामगारांना नाव दिलं 'पाहुणा कामगार'. कल्पना अशी की यावं, एकदोन वर्षं राबावं, परत जावं, त्याच्या जागी दुसरा यावा. पण माणसं राहिली, बायकापोरं आली, मशिदी झाल्या, शाळेत पोरं आली. मग विद्यापीठांना प्रश्न पडला, आता या वेगळ्या लोकांचं करायचं काय. त्यातून विविधतेचा अभ्यास वाढला. म्हणजे राहणाऱ्या पाहुण्यानं तो अभ्यास करायला भाग पाडलं. आपल्या कोयत्याला राहूच देत नाहीत. दरसाल नेतात, दरसाल परत आणून टाकतात. त्याच्यासाठी विद्यापीठ कशाला डोकं खाजवील?

आपल्याकडे विविधता म्हणजे काठीची राजवाडी होळी. अक्कलकुव्याकडे होळीला मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे, अंगावर राखेचे ठिपके. सुंदर असतं, मी बघितलंय, रात्रभर ढोल ऐकलाय. पुण्या-मुंबईचे फोटोवाले येतात. त्यांच्या फोटोत नाचणाऱ्याच्या तळहातावरचे कोयत्याचे घट्टे दिसत नाहीत. तो दोन दिवसांची सुटी मुकादमाकडून मागून आलेला असतो, आणि परवा पुन्हा फडात. तुम्ही एम.ए.ला प्रकल्प करता, 'सातपुड्यातील होळी: एक सांस्कृतिक अभ्यास'. करा. पण नाचणाऱ्याला विचारा, सुटीची किती मजुरी कापली. तेवढं एक वाक्य टाका, बघा तुमच्या मार्गदर्शकाचा चेहरा कसा होतो.

भाषेचं घ्या. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात १६ लाख ४८ हजार माणसं, त्यात शंभरातले ६९ आदिवासी. भिल्ल, पावरा, गावित, कोकणा, तडवी. पावरी, मावची, वसावी, प्रत्येकीची लय वेगळी. जनगणना या सगळ्या भिलीच्या एका खात्यात टाकते. बरं, टाका. ते खातं देशभरात १ कोटी ४ लाखांचं होतं. तरी भिली आठव्या अनुसूचीत नाही. संस्कृत मातृभाषा सांगणारे २५ हजारांच्या आत, ती अनुसूचीत आहे. विविधता म्हणजे सगळ्या भाषा ओळीत बसलेल्या नसतात. कोण पंगतीत आणि कोण उष्ट्यावर, हे बाबासाहेबांच्या पोरांना कुणी शिकवायला नको.

आणि फडात जा. तिथं विविधतेचा उपयोग कसा करतात बघा. एक टोळी या तालुक्यातली, दुसरी त्या, तिसरी डांगची, चौथी मध्य प्रदेशातली. पडाव वेगळे, मुकादम वेगळे, बोली वेगळ्या. संप करायचा म्हटलं तर आधी एकमेकांना समजायला पाहिजे. मालकाला विविधता फार आवडते ती अशी.

बाबासाहेबांचं नाव काढलं म्हणून सांगतो. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. एम.ए. वर्षभरापूर्वीच झालेलं. म्हणजे तुमच्याच वयाचा विद्यार्थी. त्यानं काय केलं? सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांच्या जातीच्या व्याख्या टेबलावर मांडल्या, एकेकीत काय कमी आहे ते दाखवलं, आणि बोट ठेवलं ते जातीतल्या जातीत लग्न या यंत्रावर. बाईला जातीत कोंडून जात कशी टिकवतात ते सांगितलं. गोऱ्यांची पुस्तकं त्यानं जाळली नाहीत आणि पुजलीही नाहीत. वापरली. आपण रॅव्हनस्टाईन आणि लीचं तेच करायचं. त्यांची व्याख्या घ्या, धडगावच्या पाड्यावर ठेवा, कुठं उसवते ते लिहा.

एक शंका कुणीतरी काढणार म्हणून आधीच बोलतो. मी बौद्ध आहे, आदिवासी नाही. माझा आजा खानदेशातून मुंबईला गेला, त्याला कुणी उचल दिली नव्हती, गाव नको झालं म्हणून गेला. बाबासाहेब गावाला का शिव्या द्यायचे ते त्याला न वाचता माहीत होतं. मग मी तुमच्या कोयत्याबद्दल कशाला बोलतो? १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात आदिवासी, भूमिहीन, कामगार, बाया, सगळे धरले होते. धरणं सोपं, निभावणं अवघड, आणि आपण फारसं निभावलं नाही. ज्या १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली त्याच साली इथं शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. आदल्या वर्षी मे महिन्यात पाटीलवाडीला भिल्लांवर गोळ्या चालल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंतींचं नाव मुंबईच्या किती कवींना ठाऊक आहे? दोन्ही चळवळी एकाच राज्यात, एकाच वेळी, आणि अंतर शहादे ते मुंबईएवढंच राहिलं.

मुंबईतही स्थलांतरानं जात सुटली नाही, हे पाठ्यपुस्तकातल्या शहरीकरणवाल्या प्रकरणाला सांगा. कापड गिरण्यांत आपल्या लोकांना विणखात्यात घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कसा लावणार? जास्त पगाराचं खातं थुंकीपायी बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे चव्हाट्यावर मांडलं. गाव सोडलं, गावानं नाही सोडलं.

पण गोदीची एक गोष्ट कामाची आहे, म्हणून सांगतो. आमच्याकडेही मुकादम होते. टोळीवाले म्हणायचे त्यांना. जहाज लागलं की टोळीवाला ठरवणार आज कुणाला काम, त्याचं कमिशन, त्याचंच कर्ज. मग १९४८ मध्ये गोदी कामगारांचा कायदा झाला, त्याखाली मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. कामगाराची नोंद बोर्डाकडे, पाळी बोर्ड लावणार, काम नसलं तरी हजेरीचे काही पैसे. टोळीवाल्याची वहीच बोर्डानं काढून घेतली. माथाडी-हमालांसाठी १९६९ चा कायदा झाला, तोही याच जातीचा. म्हणजे ही वही हलवता येते. दैवानं दिलेली नाही. पुढे १९९४ मध्ये ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, आणि आता मी कंत्राटावर आहे. वही पुन्हा कुणाच्या हातात गेली ते तुम्ही ओळखा.

ऊसतोडीत असं बोर्ड नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. त्यात मुकादमाला परवाना, कामगाराला फोटोचं पासबुक, विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं लिहिलेलं. कुणी आपल्या घरात असं पासबुक बघितलंय? हात वर करा. (एकही हात वर गेला नाही.) आता तो कायदाही गेला. २०२० च्या संहितेत मुरवला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आधी पाच कामगारांपासून कायदा लागायचा, आता दहापासून. मजुरीचं म्हणाल तर गुजरात सरकारनं २०२३ मध्ये टनाचा दर २३८ चा ४७६ रुपये केला. दुप्पट! पेपरात ठळक आलं. पण टनभर ऊस तोडून, सोलून, बांधून, चढवायला दोन माणसांचा दिवस जातो. भागा दोननं. पुन्हा २३८. त्यातून उचल वजा, खावटीचं धान्य वजा, त्यावरचं व्याज वजा. उरलं ते होळीला.

याच जिल्ह्यात आणखी एक हलवाहलव झाली. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं. मणिबेली पहिलं. त्यांना सरकारनं 'प्रकल्पग्रस्त' म्हटलं, यादी केली, तळोद्याचं जंगल तोडून वसाहती दिल्या. त्या जंगलात आधीपासून कसणारे आदिवासी होते, त्यांना कुणी विचारलं नाही. यादीत नाव यावं म्हणून सुद्धा तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं लढावं लागलं, नर्मदा बचाव आंदोलन लढलं म्हणून निदान यादी तरी आहे. भादव्यात अंगठा देऊन जाणारा कुठलाच ग्रस्त नाही. त्याची यादी फक्त मुकादमाकडे.

आणि शहाद्यात बसून बोलतोय तर जमिनीचं टाळता येणार नाही. तापीकाठच्या या काळ्या रानात बाहेरून येऊन कोण बसलं, कर्जापायी कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली, हेही स्थलांतरच. त्याला मात्र पुस्तकात 'प्रगतिशील शेतकरी' म्हणतात. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधल्या व्यवहारांसाठी. त्याआधी गेलेल्या जमिनी गेल्याच. तुमच्यातल्या कुणीतरी हे करा: एक गाव घ्या. आजा सालदार होता का, बाप कुठं होता, नातू कोयता कधी झाला, सातबाऱ्यावर नाव कधी खोडलं. तीन पिढ्या, एक तक्ता. ली साहेबाची 'ढकलणारी कारणं' तिथं नावागावासकट सापडतील.

कसं करायचं? नोट्समध्ये थॉमस आणि झ्नानिएकी यांचं पुस्तक आहे, पोलंडच्या शेतकऱ्यावरचं, १९१८ ते १९२० मध्ये निघालेलं. अमेरिकेत गेलेले पोलिश शेतकरी घरी पत्रं लिहायचे, ती पत्रं गोळा करून त्यांनी समाजशास्त्र उभं केलं. आपले लोक पत्रं लिहीत नाहीत. लिहिलेला कागद एकच आहे, मुकादमाची वही. ती तो दाखवणार नाही, आणि चोरायला सांगत नाही मी. मार खाल. शिवाय मुकादम बऱ्याचदा आपल्यातलाच असतो, काल कोयता होता, कारखान्यानं त्यालाही दाबलेलं असतं. त्याला एकट्याला राक्षस करून कारखान्याला सोडू नका. दुसरी वही आपण करायची. घरोघर, आईला बापाला विचारून. उचल किती, कुठल्या महिन्यात, कशाला लागली. फडात किती टन तोडला असं ते म्हणतात, कारखान्यानं किती धरला. परत येताना हातात काय. पोरं कुठं होती, हंगामी वसतिगृहात की पालात. बाईला वेगळं विचारा, नवरा समोर नसताना, तिचा आकडा वेगळा निघतो. बोली तुमची आहे, ब्रेमानला दुभाष्या लागला असेल, तुम्हाला लागणार नाही.

तुमच्यातल्या काहींची आईबापं आत्ता फडातच आहेत हे मला ठाऊक आहे. कुणाकुणाची हे विचारत नाही.

मुंबईहून येताना दोनशे पानी वह्या आणल्यात, दोन डझन. मागं टेबलावर ठेवल्यात. फेब्रुवारीत पडावावर जायचं असेल तर कोण कुठल्या तालुक्याचं ते आजच ठरवू. नवापूरवाले इकडं बसा, धडगाव-अक्कलकुवा तिकडं.